प्रोलॅक्टिन १४२ आणि पिट्युटरीत ७ मिलिमीटरची गाठ: ऑपरेशन करायचं की गोळी घ्यायची?

सेलू तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. बहीण २६ वर्षांची, लग्नाला ४ वर्षं झाली, मूल नाही. आठ महिन्यांपासून पाळी आलेली नाही, छाती दाबली की दूध येतं, अधूनमधून डोकं दुखतं. रक्तात प्रोलॅक्टिन १४२ निघालं. एमआरआयच्या रिपोर्टात पिट्युटरीच्या डाव्या बाजूला ७ मिमीची गाठ लिहिली आहे. एका डॉक्टरांनी ‘मेंदूचा ट्यूमर आहे, वेळ घालवू नका, ऑपरेशन करा’ म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी लिहून दिली. सासरची मंडळी म्हणतात, ट्यूमर कुठं अर्ध्या गोळीनं जातो का? कोणाचं ऐकायचं, आणि यावर नवीन संशोधन काय म्हणतं, असं त्यांनी विचारलंय.

थेट सांगतो. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून ताईंना ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. अर्धी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा रस्ता बरोबर आहे. पण गोळी सुरू करण्याआधी दोन-चार साध्या गोष्टी तपासल्या गेल्यात का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही, आणि माझा सगळा जीव तिथंच अडकलाय. पिट्युटरीच्या आजारात एमआरआयची फिल्म हातात आली की घरचे लोक आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा फिल्मकडे बघून निर्णय घेतात. निर्णय रक्ताच्या रिपोर्टावर घ्यायचा असतो. फिल्म त्यानंतर.

आधी ती भीती बाजूला काढू. पिट्युटरी ही हरभऱ्याएवढी ग्रंथी आहे, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या तळाला हाडाची एक खोलगट जागा आहे, तिच्यात ती बसलेली असते. मेंदूला ती देठानं जोडलेली आहे, पण मेंदूच्या आत नाही. थायरॉइडला, किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला, बीजकोशांना आणि वृषणांना काम सांगणारे हार्मोन तिथून निघतात. वाढीचा हार्मोन आणि दुधाचा हार्मोन म्हणजे प्रोलॅक्टिनही तिथलाच. या ग्रंथीत होणाऱ्या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात. तिथं कॅन्सर होणं ही अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे. इतर कारणांनी वारलेल्या लोकांच्या शवविच्छेदनात साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत बारीक गाठ सापडते, आणि त्या माणसाला जन्मभर तिचा पत्ताही नसतो. म्हणजे डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि पिट्युटरीत ४-५ मिमीचं काहीतरी दिसलं, तर त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. १० मिमीपेक्षा लहान गाठीला मायक्रोअॅडेनोमा म्हणतात, १० आणि त्याहून मोठीला मॅक्रोअॅडेनोमा. ताईंची मायक्रो आहे.

आता तो १४२ चा आकडा.

सगळ्यात आधी रिपोर्टावर आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते बघा. आपल्याकडे बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, त्यात बाईमाणसाचं प्रोलॅक्टिन २५ च्या आसपासपर्यंत ठीक धरतात. काही लॅब मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति लिटरमध्ये देतात, आणि तिथं १ नॅनोग्रॅम म्हणजे जवळपास २१ युनिट. त्या एककात १४२ असेल तर ते चक्क नॉर्मल आहे. हसू नका, पुण्याचा एक रिपोर्ट आणि गावाकडचा एक रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वीसपट वाढलं’ म्हणून रडत आलेली माणसं मी बघितली आहेत. ताईंना पाळी नाही आणि दूध येतंय, त्यामुळे त्यांचं खरोखरच वाढलेलं असणार. तरीही बघून घ्या.

मग प्रोलॅक्टिन का वाढलं हा प्रश्न. गाठ हे त्याचं एक कारण आहे, एकमेव नाही. पिट्युटरीच्या बाकीच्या हार्मोनना मेंदूकडून ‘बनव’ असा निरोप लागतो. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. मेंदूकडून डोपामिन नावाचं रसायन देठातून सतत खाली येतं आणि प्रोलॅक्टिनला दाबून धरतं. हे डोपामिन अडलं की प्रोलॅक्टिन आपोआप चढतं. म्हणून ज्या औषधांनी डोपामिनचं काम बंद पडतं, त्या सगळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं: मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, डोम्पेरिडोन, आणि आपल्या भागात सर्रास चालणारी लेव्होसल्पिराइड. ही शेवटची नीट लक्षात घ्या. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलसोबत ती घातलेली असते. पेशंटला विचारलं की ‘काही औषध चालू आहे का?’ तर उत्तर येतं ‘काही नाही, फक्त गॅसची गोळी’. ही गॅसची गोळी महिनोन्‌महिने मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतली जाते, पाळी बंद होते, दूध यायला लागतं, आणि कोणीतरी एमआरआय लिहितं. त्यात योगायोगानं ४ मिमीचं काही दिसलं की संपलं, माणूस थेट न्यूरोसर्जनकडे. गोळी थांबवून थोड्या दिवसांनी रक्त परत तपासलं तर प्रोलॅक्टिन खाली आलेलं असतं. (मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीही बंद करायची नाही. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदलायची.)

ताई घरात जी जी गोळी घेतात तिचं रिकामं पाकीट घेऊन या. नाव सांगू नका, पाकीटच आणा.

दुसरं, थायरॉइड. टीएसएच, म्हणजे पिट्युटरीतून थायरॉइडला काम सांगणारा हार्मोन, न बघता प्रोलॅक्टिनवर इलाज सुरू करणं मला पटत नाही. थायरॉइड फार कमी झालं की मेंदूतून पिट्युटरीला जाणारा टीआरएच नावाचा निरोप वाढतो, त्यानं टीएसएच तर वाढतंच, प्रोलॅक्टिनही वाढतं, आणि पिट्युटरी ग्रंथीच फुगते. फुगलेली पिट्युटरी एमआरआयवर गाठीसारखी दिसते. टीएसएच १५० च्या वर, रिपोर्टात ‘मॅक्रोअॅडेनोमा’, घरच्यांनी ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळव चालवलेली, आणि इलाज काय तर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी. काही महिन्यांनी परत काढलेल्या एमआरआयमध्ये ग्रंथी आपल्या जागी नीट बसलेली. असे पेशंट प्रत्येक एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरच्या, कारकिर्दीत येतात. तिसरं, लघवीची गरोदरपणाची तपासणी. आठ महिने पाळी नाही म्हटल्यावर ही कोणी केली नसेल असं वाटत नाही, पण विचारायला काय जातं. चौथं, क्रिएटिनीन, किडनी खराब असली तरी प्रोलॅक्टिन चढतं. आणि रक्त द्यायला गेल्यावर धावतपळत सुई टोचून घ्यायची नाही, थोडा वेळ शांत बसून मग द्यायचं. ताणानंही हा आकडा थोडा वर जातो.

हे सगळं ठीक निघालं, तर ७ मिमीची गाठ आणि १४२ प्रोलॅक्टिन हे एकमेकांना शोभतं. याला प्रोलॅक्टिनोमा म्हणायचं. हार्मोन सोडणाऱ्या पिट्युटरी गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते.

शोभतं की नाही हे बघणं महत्त्वाचं का, ते सांगतो, कारण इथं मोठमोठी माणसं फसतात. प्रोलॅक्टिनोमात गाठ जेवढी मोठी, तेवढा आकडा मोठा. मायक्रोमध्ये साधारण शंभर-दोनशे, मॅक्रोमध्ये २०० च्या पुढे, अनेकदा हजारांत. आता समजा गाठ ३० मिमीची आहे आणि प्रोलॅक्टिन फक्त ७०. याचे दोन अर्थ निघतात. पहिला, ही प्रोलॅक्टिनची गाठच नाही. कुठलाही हार्मोन न सोडणारी दुसरी गाठ देठावर दाब देतेय, डोपामिन खाली पोचत नाही, म्हणून प्रोलॅक्टिन थोडंसं चढलंय. अशा गाठीला गोळीचा उपयोग नाही, ऑपरेशनच लागतं. दुसरा अर्थ अगदी उलटा. प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड आहे की मशीन चुकलंय. ही तपासणी दोन अँटिबॉडी वापरून होते. एक अँटिबॉडी प्रोलॅक्टिनच्या कणाला एका बाजूनं धरते, दुसरी दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेले कण मशीन मोजतं. कण गरजेपेक्षा फारच जास्त असले की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या कणांवर अडकून बसतात, मध्ये सापडणारे कण कमी होतात, आणि रिपोर्टात आकडा लहान येतो. याला हूक इफेक्ट म्हणतात. उपाय सोपा आहे: लॅबला फोन करून तेच रक्त १ ला १०० पातळ करून परत लावायला सांगायचं.

गेवराईकडचा एक चाळिशीतला शेतकरी याच वाटेनं आला होता. मोटारसायकल चालवताना बाजूनं आलेली गाडी दिसायची नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. चष्मा दोनदा बदलून झाला होता. शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी दृष्टीचा आवाका मोजला तर दोन्ही डोळ्यांची कानशिलाकडची बाजू गेलेली. हे पिट्युटरीच्या मोठ्या गाठीचं ठरलेलं चित्र आहे. डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात ती जागा बरोब्बर पिट्युटरीच्या वर आहे. एमआरआयमध्ये साडेतीन सेंटिमीटरची गाठ. प्रोलॅक्टिन नव्वदच्या आत. ऑपरेशनची तारीख ठरलेली. मी बायकोला बाहेर बसायला सांगून त्याला विचारलं, नवरा-बायकोचं कसं चाललंय? मान खाली घालून म्हणाला, ‘सायेब, तीन-चार वर्षं झाली, काहीच नाही. आता वय झालं म्हणून कुणाला बोललो नाही.’ चाळिशीत कसलं वय? रक्त पातळ करून लावलं आणि आकडा हजारांत निघाला. गोळी सुरू केली, आणि पंधरवड्याच्या आत त्याला बाजूची माणसं दिसायला लागली. पुरुषांमध्ये हा आजार मोठा होऊनच का सापडतो, याचं उत्तर त्या खाली घातलेल्या मानेत आहे. बाईची पाळी चुकली की घरात चौकशी होते. पुरुषाचं काही बिनसलं तर तो बोलत नाही, आणि त्याला कोणी विचारतही नाही.

ती गोळी म्हणजे कॅबर्गोलिन. ती डोपामिनचं काम करते: प्रोलॅक्टिन दाबते आणि गाठही आकसवते. तिच्याआधी ब्रोमोक्रिप्टीन होती, अजूनही वापरतात, स्वस्त आहे, पण रोज घ्यावी लागते आणि मळमळ फार. १९९४ मध्ये या दोन्हींची सरळ तुलना प्रसिद्ध झाली. प्रोलॅक्टिन वाढून पाळी बंद पडलेल्या ४५९ बायका त्यात होत्या. कॅबर्गोलिनवर ८३ टक्के जणींचं प्रोलॅक्टिन नॉर्मल झालं, ब्रोमोक्रिप्टीनवर ५९ टक्के. बीज सुटायला लागणं किंवा दिवस जाणं, हे ७२ विरुद्ध ५२ टक्के. आणि त्रासामुळे औषध सोडून दिलेल्या बायका ३ विरुद्ध १२ टक्के. तेव्हापासून जगभर पहिली पसंती कॅबर्गोलिनलाच आहे. ‘अर्ध्या गोळीनं ट्यूमर कसा जाईल’ या सासरच्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

घ्यायची कशी: अर्धा मिलिग्रॅमची गोळी असते, तिची अर्धी, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवल्यावर, झोपताना. सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून टाका, नाहीतर विसरायला होतं. सुरुवातीला मळमळेल, उठताना गरगरेल; म्हणून रात्री. महिन्याभरानं प्रोलॅक्टिन परत बघून डोस कमी-जास्त करतात. एक त्रास असा आहे जो फार कमी डॉक्टर सांगतात: काही जणांचा या गोळीनं स्वतःवरचा ताबा सुटतो. जुगार, अनावश्यक खरेदी, लैंगिक इच्छा एकदम वाढणं. माणूस एरवी असा नव्हता आणि गोळी सुरू झाल्यापासून असा वागतोय, असं घरच्यांना दिसलं तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या झडपा जाड होतात हे नेटवर वाचाल. ते पार्किन्सनच्या पेशंटना रोज मोठ्या डोसमध्ये दिल्यावर दिसलेलं आहे. ताईंच्या डोसला त्याची फारशी चिंता नाही. वर्षानुवर्षं मोठा डोस चालला तर मधूनमधून इको करतात.

आणखी एक, छाती दाबून ‘दूध येतंय का अजून’ हे रोज बघणं बंद करायला सांगा. दाबल्यानंही प्रोलॅक्टिन वाढतं.

गोळी किती दिवस? निदान दोन वर्षं. प्रोलॅक्टिन नॉर्मल राहिलं आणि गाठ दिसेनाशी झाली किंवा बरीच आकसली, तर डोस कमी करत थांबवून बघतात. इटलीत नेपल्सच्या गटानं २००३ मध्ये अशा २०० लोकांचा अभ्यास मांडला. गोळी थांबवल्यावर २ ते ५ वर्षांत मायक्रोवाल्यांपैकी ३१ टक्क्यांचं आणि मॅक्रोवाल्यांपैकी ३६ टक्क्यांचं प्रोलॅक्टिन परत वाढलं, गाठ मात्र कोणाचीही परत वाढली नाही. पुढं इतरांचे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर चित्र एवढं गुलाबी राहिलं नाही, बहुतेकांचं प्रोलॅक्टिन परत चढलेलं दिसलं. मी माझ्या पेशंटना सांगतो, दोन वर्षांनी थांबवून बघू, परत लागली तर परत घेऊ, त्यात आभाळ कोसळत नाही. मायक्रो गाठी औषधाविनासुद्धा बहुतांश तेवढ्याच राहतात. मग औषध द्यायचंच कशाला, असं विचाराल. मूल हवंय हे एक कारण. दुसरं हाडांचं: पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, आणि ते वर्षानुवर्षं कमी राहिलं तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

दिवस जाण्याबद्दल नीट ऐका. गोळी सुरू झाल्यावर पाळी येण्याच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणजे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. पाळीची वाट बघत बसू नका, शंका आली की तपासणी करा. दिवस राहिले की मायक्रो गाठीत गोळी बंद करतात. गरोदरपणात मायक्रो वाढून त्रास देण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन एवढंच आहे. मॅक्रोमध्ये ते बरंच जास्त, म्हणून त्यांचा विचार वेगळा होतो. गरोदरपणात प्रोलॅक्टिन तपासायचं नाही, ते तेव्हा वाढलेलंच असतं आणि आकडा बघून उगीच सगळे घाबरतात. बाळाला अंगावर पाजायला काही हरकत नाही.

आता त्या पहिल्या डॉक्टरांबद्दल. त्यांना मी मोडीत काढणार नाही. २०२३ मध्ये पिट्युटरी सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेनं प्रोलॅक्टिनोमावर एकमतानं जे निवेदन काढलं, त्यात मायक्रो आणि नीट बंदिस्त असलेल्या मॅक्रो गाठींसाठी, अनुभवी सर्जन उपलब्ध असेल तर, ऑपरेशनचा पर्यायही पेशंटपुढे सुरुवातीलाच ठेवावा असं म्हटलं आहे. जन्मभर गोळी नको वाटणाऱ्या तरुण मुलींना हा विचार आकर्षक वाटतो. पण त्यातला ‘अनुभवी’ हा शब्द सगळ्यात जड आहे. वर्षाला दोन-चार पिट्युटरी करणारा सर्जन आणि आठवड्याला दोन-चार करणारा सर्जन यांच्या निकालात फरक पडतो. चांगली ग्रंथी खरवडली गेली की जन्मभराच्या चार-चार गोळ्या मागं लागतात. त्यामुळे ताईंसाठी माझं मत गोळीचंच. ‘वेळ घालवू नका’ ही घाई तर मला अजिबात मान्य नाही. ७ मिमीची गाठ डोळ्यांच्या नसांपर्यंत पोचत नाही. महिनाभर शांतपणे तपासण्या करायला वेळ आहे.

ऑपरेशन पहिलं कुठं, तर वाढीच्या हार्मोनच्या गाठीत, अॅड्रिनलला काम सांगणाऱ्या एसीटीएच हार्मोनच्या गाठीत म्हणजे कुशिंगच्या आजारात (यात शरीरात कॉर्टिसोल हे स्वतःचंच स्टिरॉइड जास्त होतं), आणि डोळ्यांच्या नसांवर दाब देणाऱ्या हार्मोनविरहित गाठीत. डोकं उघडायची गरज सहसा पडत नाही, नाकातून दुर्बिणीनं करतात. नाकाची ही वाट १९०७ मध्ये ऑस्ट्रियात श्लोफर यांनी पहिल्यांदा धरली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ती शेकडो पेशंटवर वापरली आणि पुढं सोडूनही दिली. माँट्रियलच्या ज्यूल्स हार्डींनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणून तिला परत मानाची जागा दिली. आपल्याकडे मुंबईत परळच्या केईएममध्ये पिट्युटरीवर वर्षानुवर्षं काम चाललंय, त्यातून निघालेले पेपर आम्ही रोजच्या कामात वापरतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांची पॅकेजेस आहेत. कधी कोणाला लागलंच तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी, मग सोनं गहाण टाकायला निघावं.

वाढीच्या हार्मोनचा आजार, अॅक्रोमेगली, आपल्याकडे फार उशिरा ओळखला जातो. चेहरा दहा वर्षांत हळूहळू बदलतो, रोज बघणाऱ्यांना कळत नाही. बायकांची जोडवी निघत नाहीत म्हणून सोनाराकडे कापून घेतात, पुरुषांची चप्पल सातवरून नऊवर जाते. घाम, घोरणं, हाताला मुंग्या, नवीन लागलेली शुगर. आयजीएफ-१ (वाढीचा हार्मोन जास्त असला की हे रक्तात वाढतं) ही एकच रक्ततपासणी बरंच सांगून जाते. जुने लग्नातले फोटो आणायला सांगितले की अर्धं निदान तिथंच होतं. ऑपरेशननंतरही हार्मोन उरला तर दर महिन्याचं महाग इंजेक्शन असतं. नव्या संशोधनात मला सगळ्यात आशा वाटते ती इथं, कारण त्याला तोंडानं घ्यायचे पर्याय येताहेत. ऑक्ट्रिओटाइडच्या कॅप्सूलला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पॅल्टुसोटिन या गोळीला २०२५ मध्ये. आपल्या मेडिकलच्या फळीवर, परवडेल अशा भावात, ती कधी येईल हा वेगळा प्रश्न.

जनुकांवरही बरंच काम झालंय. २००६ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांमधून पिट्युटरीच्या गाठींशी जोडलेल्या एआयपी जनुकाचा धागा सापडला, २०१५ मध्ये कुशिंगच्या गाठींत यूएसपी८ जनुकातला बदल सापडला. पण ताईंसारख्या एकट्यादुकट्या प्रोलॅक्टिनोमात जनुकं तपासायचा खर्च करू नका. घरात आणखी कोणाला पिट्युटरीचा आजार, किडनी स्टोनसोबत वाढलेलं कॅल्शियम किंवा विशीच्या आतली मोठी गाठ असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न ताईंचा आहे, पण मराठवाड्यात बसून पिट्युटरीवर लिहायचं आणि पुढच्या दोन गोष्टी टाळायच्या, हे मला जमणार नाही.

एक म्हणजे पुड्या. गुडघेदुखीची, दम्याची, ‘अंगावर मांस येण्याची’ पुडी आठवडी बाजारात किंवा ओळखीच्या माणसाकडून मिळते. त्यात अनेकदा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे चट्टे उमटतात, उकिडवं बसलं की आधाराशिवाय उठवत नाही. हुबेहूब कुशिंगचा आजार. मग कोणीतरी पिट्युटरीचा एमआरआय लिहितं. अशा माणसाचं सकाळचं कॉर्टिसोल आधी बघा, ते १-२ वर पडलेलं निघतं, कारण बाहेरच्या स्टिरॉइडनं आतली व्यवस्था झोपवलेली असते, आणि पुडीतलं डेक्सा कॉर्टिसोलच्या तपासणीत सहसा दिसत नाही. गाठीच्या आजारात कॉर्टिसोल चढलेलं असतं, इथं उतरलेलं. आणि महत्त्वाचं म्हणजे पुडी एका दिवसात बंद करायची नाही. बंद केली की उलट्या, बीपी खाली, माणूस आडवा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रोकॉर्टिसोनवर आणून हळूहळू उतरवायचं.

दुसरी गोष्ट शीहानची. १९३७ मध्ये ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरोल्ड शीहान यांनी दाखवलं की बाळंतपणात खूप रक्त गेलं तर पिट्युटरी मरते. गरोदरपणात ती फुगलेली असते, रक्ताची गरज वाढलेली असते, आणि ऐन वेळी रक्तदाब कोसळतो. श्रीमंत देशांत हा आजार पुस्तकात उरलाय. काश्मीर खोऱ्यात झालेल्या पाहणीत बाळंतपण झालेल्या बायकांपैकी सुमारे ३ टक्के जणींना तो आढळला. आपल्या वाड्या-तांड्यांवर अशी मोजदाद केली तर काय निघेल, याची मला धास्ती वाटते. गोष्ट ठरलेली असते: घरी किंवा वाटेतच बाळंतपण, रक्ताच्या बाटल्या लागल्या, बाळाला दूध आलंच नाही, पाळी परत आली नाही. नंतर अंगात त्राण नाही, काखेतले केस गेले, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं बीडचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. पिशवीच काढलेली असली की पाळी बंद असण्याचा हा धागाही तुटतो, आणि कोणाला शंकाच येत नाही. मग एखाद्या मे महिन्यात ती बाई उलट्या आणि कमी सोडियम घेऊन दवाखान्यात येते. ४३ डिग्री तापमान असतं, सगळे म्हणतात ऊन लागलं. सलाइननं थोडी सावरते, घरी जाते, परत येते. थायरॉइड कमी निघालं म्हणून कोणी नुसती थायरॉक्सिन सुरू केली तर आणखी बिघडते, कारण कॉर्टिसोल आधी भरायचं असतं, थायरॉइड नंतर. हा क्रम उलटा झाला तर जीव जाऊ शकतो. प्रत्येक पीएचसीच्या भिंतीवर हे एवढं एक वाक्य लागलं पाहिजे असं मला वाटतं. इलाज आयुष्यभराचा आहे, पण गोळ्या स्वस्त आहेत: हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, आणि थायरॉक्सिन. ताप आला, हगवण लागली की स्टिरॉइडचा डोस दुप्पट करायचा, उलटीमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं. गळ्यात तावीज असतोच, त्याच दोऱ्यात एक चिठ्ठी लॅमिनेट करून घालायला सांगतो: ‘मला स्टिरॉइड लागतं, आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या.’

परत ताईंकडे. गोळी सुरू असताना किंवा पुढं गरोदरपणात अचानक, कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, सोबत उलट्या, एकाचं दोन दिसणं, पापणी खाली पडणं किंवा अंधारी, यातलं काहीही झालं तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. मायक्रोमध्ये हे क्वचितच होतं. झालं तर मात्र गावातल्या सलाइनवर रात्र काढू नका, त्याच दिवशी परभणी किंवा संभाजीनगर गाठा.

दाखवायला याल तेव्हा एमआरआयची नुसती चिठ्ठी नको, सीडी आणा. टीएसएच, क्रिएटिनीन, गरोदरपणाची तपासणी आणि सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसोल तिकडंच करून आणलं तर एक चक्कर वाचेल. उपाशीपोटीच यायला हवं असं नाही, प्रवास लांबचा आहे, पोळी-भाजी खाऊन निघा. आणि चार वर्षं मूल नाही म्हणून आतापर्यंत तपासण्या एकट्या ताईंच्याच झाल्या असतील, तर दाजींचीही वीर्यतपासणी करून घ्या. ती लॅब तुमच्या सेलूतच आहे.